पाणी कुणाचे, तांदूळ कुणाचा : जपानच्या गरम झऱ्यावरचा मुक्काम

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत पाठीमागच्या रांगेतून एक आवाज आला होता, "हे लोक जपानला जाऊन गरम पाण्यात डुंबून आले आणि आम्ही इकडे बोंडअळीशी झटतो आहोत." आवाज कुणाचा ते आम्ही ओळखले. राग नाही. त्याच्या जागी आम्ही असतो तर हेच बोललो असतो, कदाचित जरा जास्तच. म्हणून आज अर्धा तास मागून घेतला आहे. कुणाच्या पैशाने गेलो, कुठे उतरलो, किती मोजले आणि मोजलेले पैसे कुणाच्या खिशात गेले, हा सगळा हिशेब सभेपुढे ठेवायचा आहे.

आधी तिकिटाचे. आम्ही चौघे गेलो, दोघे भाऊ आणि दोघी जावा. जमीन सोळा एकर, सगळी कोरडवाहू. कापूस, तूर आणि रब्बीची ज्वारी. थोरल्याची मुलगी तोक्योत संगणकाच्या कंपनीत नोकरी करते, तिने तिकिटे काढली. सोळा एकर कोरडवाहूच्या उत्पन्नातून चार माणसांचे विमानाचे तिकीट निघते असे सांगणारा कोणी भेटला तर आम्हाला जरूर कळवा, आम्हाला त्याच्या पाया पडायचे आहे. २०२५ चा मे महिना होता. ज्वारी घरात आली होती, पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, मृगाला अवकाश होता. धाकट्या जाऊबाईंचे गुडघे गेली चार वर्षे दुखतात. वाकून वेचणी करणाऱ्या कुठल्या बाईचे दुखत नाहीत? पोरगी म्हणाली, "काकू, इथे गरम झऱ्याच्या गावात लोक गुडघे शेकायलाच जातात. चार दिवस राहून या."

गरम पाण्याचा झरा आपल्याला नवा नाही. नांदेड जिल्ह्यात किनवटकडे उनकेश्वर आहे, जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडे उनपदेव आहे. आपण तिथे जातो, अंघोळ करतो, देवाला नारळ फोडतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतो. जपानचे तसे नाही. तो ज्वालामुखींचा देश. असे झरे तिथे सत्तावीस हजारांच्या आसपास मोजलेले आहेत आणि मुक्कामाची सोय असलेली गावे सुमारे तीन हजार. झऱ्याला ते ओनसेन म्हणतात. ओनसेन कशाला म्हणायचे याचा १९४८ सालचा कायदा आहे. जमिनीतून निघताना पाणी किमान २५ अंशाचे तरी हवे, नाहीतर कायद्यात नावे दिलेल्या १९ द्रव्यांपैकी एखादे तरी त्यात ठरलेल्या प्रमाणात हवे. म्हणजे पाणी थंड असले आणि त्यात गंधकासारखे एखादे द्रव्य पुरेसे असले तरी ते ओनसेनच.

कायदा इतका सरळ, म्हणून आम्हाला वाटले की निवड काय करायची, जिथे ओनसेन लिहिले आहे तिथे जावे. पहिली रात्र आम्ही अशीच काढली. हॉटेलाचे नाव घेत नाही. दहा मजली इमारत, खाली दुकाने, गाण्याचा हॉल, जेवायला शंभर पदार्थ मांडलेले. माणशी सोळा हजार येन. एक येन म्हणजे तेव्हा साठ पैशांच्या आसपास. पाण्यात उतरलो तर वास आला तो ओळखीचा, नगरपालिकेच्या टाकीचा.

पोरगी त्या रात्री बरोबर होती. कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर एक पाटी होती. आम्हाला वाटले पाण्याचा महिमा लिहिला असेल. तिने वाचून दाखवली. पाण्यात साधे पाणी मिसळले आहे. पाणी तापवले आहे. तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा फिरवले आहे. जंतुनाशक टाकले आहे. आम्ही म्हटले, हे लोक स्वतःच लिहून ठेवतात? ती म्हणाली, "स्वतःहून नाही बाबा, लिहावे लागते."

त्यामागची हकिकत ऐकण्यासारखी आहे. नागानो प्रांतात शिराहोने नावाचे गाव आहे, दुधासारख्या पांढऱ्या पाण्यासाठी नावाजलेले. पाण्याचा पांढरेपणा कमी झाला तेव्हा तिथे कुंडात पांढरेपणा आणणारी पूड टाकली जात होती. २००४ साली हे उघडकीला आले आणि देशभर गवगवा झाला. मग ठिकठिकाणची प्रकरणे बाहेर पडू लागली. २००५ साली सरकारने नियम बदलला : पाणी मिसळता का, तापवता का, फिरवता का, काही टाकता का, आणि टाकत असाल तर कशासाठी, हे कुंडाशी लिहून लावायचे. लिहिल्यावर मनाई नाही. घेणाऱ्याने वाचावे आणि ठरवावे. मोठ्या कुंडात जंतुनाशक टाकणे हा गुन्हाही नाही, शंभर माणसे उतरणार असतील तर ते टाकलेलेच बरे. आमचे म्हणणे एवढेच, की भाव मात्र अस्सल झऱ्याचा लावू नका. आता आपल्यापैकी कोणी फार हसू नये. कापसावर पाणी मारून काटा जड करणारे आपल्यातही आहेत, आणि त्यांच्यामुळे जिनिंगवाला सगळ्यांच्याच कापसात हात घालून तोंड वाकडे करतो.

दुसऱ्या दिवशी पोरीच्या खोलीवर परत आलो आणि चौघांनी बसून ठरवले की पुढची जागा आपण पाहून निवडायची. पोरगी वाचून सांगणार, आम्ही प्रश्न विचारणार. पाणी उगमातून सरळ कुंडात येते आणि ओसंडून वाहून जाते का, हा पहिला प्रश्न. जपानीत त्याला खास शब्द आहे, काकेनागाशी, आणि चांगली घरे तो ठळक लिहितात. दुसरा प्रश्न थोरल्याचा : मालक कोण? गावातला की बाहेरची कंपनी? तिसरा जाऊबाईंचा : जेवणातला तांदूळ आणि भाजी कुणाच्या शेतातली?

पोरगी म्हणाली, "हे प्रश्न इथे कोणी विचारत नाही." पण शोधायला लागली तर उत्तरे निघू लागली.

तोक्योच्या उत्तरेला किनुगावा म्हणून गाव आहे. १९८० च्या दशकात जपानात पैसा वाहत होता, कंपन्या आपली माणसे बसमध्ये भरून झऱ्यांवर पाठवत होत्या. हॉटेलवाल्यांनी कर्जे काढून मजल्यावर मजले चढवले. पाहुण्याने बाहेर पाऊलच टाकू नये म्हणून दुकान आत, नाच आत, दारू आत. गावातल्या रस्त्यावरचा दुकानदार बसला माश्या मारत. पुढे बसगाड्या आटल्या, २००३ साली तिथली मोठी बँक बुडाली, आणि नदीकाठी हॉटेलांच्या रिकाम्या इमारती खिडक्या फुटलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे उभ्या राहिल्या. आम्ही चित्रे पाहिली. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात उभे राहिल्यासारखे वाटले.

याच्या उलट गोष्ट दक्षिणेकडच्या क्युशू बेटावरची. कुमामोतो प्रांतात डोंगरात कुरोकावा नावाचे लहान गाव. वीस-पंचवीस घरगुती खाणावळ-मुक्कामाची घरे, गिऱ्हाईक नाही. गोतो तेत्सुया नावाच्या मालकाने घरामागचा कडा छिन्नीने खोदून काही वर्षे खपून गुहेतले कुंड तयार केले आणि भोवती डोंगरातलीच साधी झाडे आणून लावली. त्याच्याकडे लोक येऊ लागले. आता आपल्याकडे काय झाले असते? शेजाऱ्याने त्याचे पाणी तोडले असते. तिथे इतरांनी त्याला विचारून आपापल्या आवारात उघडी कुंडे केली. दोन घरांना मात्र जागाच नव्हती. त्यांचे काय? १९८६ साली गावाने तोड काढली : गावच्या देवदाराच्या लाकडाची एक चकती करायची, पाहुण्याने ती विकत घ्यायची आणि गावातल्या कुठल्याही तीन कुंडांत अंघोळ करायची, मग मुक्काम कुणाकडेही असो. ज्यांच्याकडे कुंड नव्हते त्यांच्याकडेही माणसे उतरू लागली. मग प्रत्येकाने आपापल्या जाहिरातीच्या पाट्या रस्त्यावरून काढून टाकल्या. सगळे गाव म्हणजे एकच घर, वाट म्हणजे ओसरी, असे त्यांनी ठरवले. कुरोकावाचे नाव देशभर झाले ते यानंतर.

हेही सांगायला हवे की त्याच गावच्या नावाने चालणाऱ्या एका हॉटेलाने, त्याची मालक बाहेरची कंपनी होती, २००३ साली कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या वृद्धांना खोल्या नाकारल्या. देशभर संताप झाला आणि पुढच्या वर्षी ते हॉटेल बंद पडले. वरोऱ्याचे आनंदवन पाहिलेल्या आपल्या लोकांना त्यातले दुःख समजावून सांगायला नको. थोरल्याचा 'मालक कोण' हा प्रश्न आम्हाला तेव्हा जास्त पटला.

कुरोकावा लांब पडत होते, विमानाचा आणखी खर्च होता. पोरीने मग उत्तरेकडे, तोहोकू भागाकडे बोट दाखवले, आणि तिथे आम्हाला आमच्या कामाची गोष्ट सापडली.

भावांनो, झऱ्यावर राहणे ही तिथे मुळात शेतकऱ्याची रीत आहे. त्याला तोजी म्हणतात, म्हणजे पाण्याचा उपचार. भाताची लावणी संपली की, किंवा कापणी-मळणी झाली की, नाहीतर बर्फात शेत गाडले गेले की, तोहोकूचा शेतकरी बायकोला घेऊन झऱ्यावर जायचा. जाताना पाठीवर आपले तांदूळ, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, लोणची, कधी अंथरूणसुद्धा. खोली भाड्याची, चूल सगळ्यांची मिळून एक. सात दिवसांचा एक फेरा, आणि जुने लोक म्हणत की गुण यायला तीन फेरे हवेत. म्हणजे एकवीस दिवस! वर्षभर चिखलात वाकलेली पाठ एकवीस दिवस सरळ करायची, आणि ते कोणी चैन मानत नव्हते. बैलाला आपण पोळ्याला एक दिवस देतो. स्वतःला किती देतो, याचा हिशेब इथे बसलेल्या प्रत्येकाने मनात करावा, आम्ही मोठ्याने विचारत नाही.

परतताना हे लोक पोरांसाठी लाकडी बाहुल्या न्यायचे. हात नाहीत, पाय नाहीत, गोल डोके आणि सरळ अंग, कोकेशी नाव. झऱ्याजवळचे लाकूड-कातारी त्या करून विकायचे. आपण जत्रेतून भिरभिरे आणतो तसे. नारुको गावच्या बाहुलीची मान फिरवली की ती कुईं करते.

यंत्रे आली, पोरे शहरात गेली, रजा तीन दिवसांच्या झाल्या, तशी ही रीत आटली. पण पुरती गेलेली नाही. इवाते प्रांतात हानामाकीजवळ ओसावा नावाचा झरा आहे, तिथे स्वतः रांधून खायचा जुना भाग अजून चालतो. चुलीत दहा येनचे नाणे टाकले की काही मिनिटे गॅस पेटतो. मियाझावा केंजी हा कवी त्याच भागातला. शेतीशाळेतली मास्तरकी १९२६ साली सोडून तो स्वतः शेतात उतरला आणि गावोगावच्या शेतकऱ्यांना खताचा हिशेब फुकट करून द्यायचा. १९३३ साली सदतिसाव्या वर्षी गेला. ओसावाला जावे असे आमच्यातल्या दोघांना फार वाटत होते. यामागाता प्रांतातल्या हिजिओरी गावाचाही विचार झाला. तिथे सकाळी म्हाताऱ्या बाया आपल्या मळ्यातली भाजी रस्त्यावर मांडतात आणि पाहुणे ती घेऊन रांधतात.

शेवटी नारुको ठरले, ते तांदळामुळे.

मियागी प्रांतात डोंगरातल्या पाच वस्त्या मिळून नारुको होते. तोक्योहून वेगाच्या गाडीने दोन-सव्वादोन तासांवर फुरुकावा, आणि तिथून दोन डब्यांच्या गाडीने भातखाचरांमधून पाऊण तास. पाच वस्त्यांत मिळून साडेतीनशेच्या वर झरे. शेतकरी मात्र अडचणीतला. महायुद्धानंतर कुळांना जमिनी मिळाल्या, त्या तुकड्यातुकड्याच्या. उंचावर थंडी, उन्हाळ्यात समुद्रावरून गार वारा सुटला की कणसात दाणा भरत नाही. १९९३ साली असाच उन्हाळा गेला आणि भाताच्या देशाला बाहेरून तांदूळ आणावा लागला. आपला पाऊस आणि त्यांचे ऊन, दोन्हींचा भरवसा सारखाच.

त्यात २००७ सालापासून सरकारने धोरण आणले की आधार फक्त मोठ्या शेतकऱ्याला. एकट्याने शेती करायची तर किमान चार हेक्टर हवेत. नारुकोच्या डोंगरात चार हेक्टरवाले बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांनी काय करायचे? शेती सोडायची, दुसरे काय. तेव्हा युकी तोमिओ नावाचे एक लोकजीवनाचे अभ्यासक, काही शेतकरी, झऱ्यावरचे खाणावळवाले आणि गावातल्या बाया एकत्र बसल्या. २००६ साली थंडीत टिकणारे एक नवे वाण उंचावरच्या थोड्या जमिनीत करून पाहिले. दाणा चांगला भरला. पुढे त्याचे नाव ठेवले युकिमुसुबी.

मग त्यांनी भाव ठरवला. नीट ऐका. बाजारात साठ किलोच्या पोत्याला तेव्हा तेरा हजार येनच्या आसपास मिळत होते. यांनी भाव लावला चोवीस हजार. त्यातले अठरा हजार शेतकऱ्याच्या हातात, आणि तो पाच वर्षे हलणार नाही असे वचन. उरलेले सहा हजार तरुणांना शेतीत आणायला आणि कामाच्या खर्चाला. गिऱ्हाईक आरडाओरडा करील म्हणून त्यांनी पोत्याचा हिशेब वाटीवर आणला. साठ किलोचे साठ ग्रॅमप्रमाणे हजार वाट्या भात होतात. चोवीस हजार भागिले हजार, चोवीस येन. एक वाटी भाताला चोवीस येन तुम्हाला जास्त वाटतात का, असा सवाल त्यांनी खाणाऱ्याला केला. खाणाऱ्यांनी पेरणीआधीच नावे नोंदवली. झऱ्यावरच्या घरांनी तोच भात पाहुण्याच्या वाटीत वाढला.

इथे कुणी म्हणेल की थोड्या पोत्यांनी देशाचा भाव बदलत नाही. खरे आहे. सगळे नारुको त्यावर तरले असाही दावा आम्ही करत नाही. पण पाहुण्याच्या ताटापासून उलटे मोजत शेतकऱ्याच्या भावापर्यंत आलेला हिशेब आम्ही पहिल्यांदा पाहिला. आपल्याकडे तो मिलपासून मोजत खाली येतो, आणि आपल्यापर्यंत येईतो त्यात काही उरत नाही.

तर तिथे एका जुन्या घरी आम्ही तीन रात्री काढल्या. स्वतः रांधून खायचे, माणशी रात्रीला साडेचार हजार येन, वर दीडशे येन अंघोळीचा कर. हा कर गावच्या पालिकेला जातो आणि झऱ्याची राखण, अग्निशामक, स्वच्छता यांवर खर्च करायचा असतो. घर चालवणारी बाई, तिला ओकामी म्हणतात, पन्नाशीची असेल. व्यवहार सगळा तिच्या हातात, नवरा पाण्याचे नळ आणि बर्फाचे छप्पर बघतो.

आता अंघोळीचे सांगतो, कारण बाया तेच विचारणार आहेत. कुंडात कपडे घालून उतरता येत नाही, एक चिंधीसुद्धा नाही. जाऊबाईंचा लुगड्यासकट उतरायचा बेत होता, तो दारातच मोडला. बायकांचे कुंड वेगळे, पुरुषांचे वेगळे, दारावर वेगळ्या रंगाचा पडदा. आधी बाहेर पाटावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे, मग कुंडात. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. संकोच वाटत असेल तर आधीच विचारावे, कारण पुष्कळ लहान घरांत आतून कडी लावायचे एक कुंड असते. दोघी पहिल्या दिवशी तिथेच गेल्या. तिसऱ्या दिवशी मोठ्या कुंडात गावच्या म्हाताऱ्यांबरोबर बसल्या होत्या आणि बाहेर यायला तयार नव्हत्या.

पाणी बेचाळीस अंशांच्या आसपास असते. रक्तदाब, हृदय यांचा त्रास असेल त्याने डॉक्टरला विचारूनच जावे, आणि जेवण झाल्याबरोबर किंवा पिऊन कोणीच उतरू नये. हावरेपणाही नको. पहिल्याच दिवशी धाकटा पाच वेळा उतरला, पैसे वसूल करायला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोके धरून पडला होता. शेजारच्या खोलीतली आजी हसली. त्या आजाराला त्यांच्यात नावच आहे.

शाकाहारी माणसाने रांधायची सोय असलेले घर का निवडावे, तेही सांगतो. तिथे वरणासारखा दिसणारा साधा रस्साही सुक्या माशाच्या पाण्यात केलेला असतो. माळकऱ्याने "मासे खात नाही" म्हटले तरी वाटीत मासा येतोच, फक्त दिसत नाही. आम्ही ज्वारीचे पीठ बरोबर नेले होते, विमानतळावर दाखवून, तपासून घेऊन. गावात बांबूचे कोंब मिळाले, डोंगरातली नेच्याची कोवळी भाजी मिळाली, आणि तो चोवीस येनवाला तांदूळ मिळाला.

संध्याकाळी सामायिक चुलीवर जाऊबाई भाकरी थापायला बसल्या. शेजारचे आजी-आजोबा बघायला आले. ते खालच्या सपाटीवरचे भातशेतकरी, लावणी उरकून सात दिवसांसाठी आलेले. वय अठ्ठ्याहत्तर. जपानी शेतकऱ्याचे सरासरी वयच सदुसष्टच्या पुढे आहे, तेव्हा आजोबा काही फार म्हातारे नव्हेत. बोलणे पोरीने फोनवर लावून दिलेल्या दुभाष्या यंत्राने. आजीने पीठ बोटावर घेतले, वास घेतला आणि म्हणाली, "ताकाकिबी!" त्यांच्याकडे ज्वारीला हेच नाव. तिच्या लहानपणी डोंगराकडच्या घरांत त्याचे उंडे उकडून खात. तांदूळ विकायला, भरड धान्य खायला. तांदूळ पिकवणाऱ्याच्या ताटात तांदूळ सणाला. आपल्या आज्यांनी हेच सांगितले आहे, फक्त पिकांची नावे वेगळी.

आजोबांनी विचारले, तुमच्या कापसाचा भाव कोण ठरवते? आम्ही सांगितले, २०२४-२५ चा हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलला ७,१२१ रुपये, आणि आमच्या हातात पडले त्याहून कमी. त्यांनी मान हलवली आणि आपले सुरू केले. त्याच वसंतात जपानात तांदूळ दुपटीने महागला होता, दुकानात पाच किलोला चार हजार येनच्या वर. शहरात ओरड, आणि "मला तांदूळ कधी विकत घ्यावा लागला नाही" असे बोलून बसलेल्या शेतीमंत्र्याला त्याच मे महिन्यात जावे लागले. नव्या मंत्र्याने सरकारी साठ्यातला तांदूळ स्वस्तात बाजारात सोडायला काढला. आजोबा म्हणाले, "१९७० पासून २०१८ पर्यंत आम्हाला सांगत होते, भात कमी लावा. आता विचारतात, भात कुठे गेला?" दुभाष्या यंत्राने हे दोनदा सांगितले. आम्हाला पहिल्याच वेळी समजले होते.

त्यांनी भाकरी ठेच्याबरोबर खाल्ली, आजोबांचे डोळे पाण्याने भरले, पण एक तुकडा टाकला नाही. बदल्यात आजीने मुळ्याचे लोणचे दिले. २०११ साली समुद्र गावांत शिरला तेव्हा किनाऱ्यावरच्या बेघर लोकांना नारुकोच्या घरांनी ठेवून घेतले होते, ते आजी सांगत होती. त्यांच्या नात्यातलेही कोणी त्यात होते. त्यावर ती फार बोलली नाही, आम्हीही विचारले नाही.

आता कबूल केलेला हिशेब. पहिल्या हॉटेलात पाच माणसे, एक रात्र, ऐंशी हजार येन. म्हणजे अठ्ठेचाळीस हजार रुपये. थोरल्याने रात्रीच हिशेब केला होता, सात क्विंटल कापूस. एका रात्रीत. आणि पाण्याला टाकीचा वास. नारुकोत चार माणसे, तीन रात्री, चौपन्न हजार येन, कराचे अठराशे, मिळून पंचावन्न हजार आठशे. रुपयात तेहतीस हजार चारशे ऐंशी. तांदूळ-भाजी वेगळी, तिचे पैसे ज्यांनी पिकवली त्यांच्या गावातच राहिले. हेही पैसे कमी नाहीत, आणि पोरीचे नसते तर आम्ही गेलो नसतो, ते पुन्हा सांगतो. तीन दिवसांत गुडघे बरे होत नाहीत. पहिल्या पावसात पुन्हा दुखले. पण जाऊबाई म्हणतात, तीन दिवस कोणी हाक मारली नाही.

निघताना आजोबा सामायिक मोरीवर आमचा तवा घासत होते. आम्ही नको नको म्हणत होतो. ते म्हणाले, इथे ज्याची लावणी झाली तो घासतो, तुमची अजून व्हायची आहे.

एवढेच. प्रश्न असतील तर विचारा. अंघोळीबद्दलचे प्रश्न बायांनी जाऊबाईंना विचारावेत, त्या उजवीकडे खांबाशी बसल्या आहेत. मागच्या बैठकीत ओरडणाऱ्या आमच्या मित्राच्या घरून काल निरोप आला होता की पत्ता लिहून द्या. तो लिहून आणला आहे.